इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शनला साधा स्ट्रट चालतो का?

पावसाळा सरला की मुंबईत एक जुना सल्ला हमखास फिरतो: "एसयूव्हीला इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन असलं तरी साधे स्ट्रट बसतात. वायरचं सॉकेट काढा, टेप गुंडाळा, झालं काम."

स्ट्रट म्हणजे चाकाचे धक्के झेलणारा, शॉक अब्सॉर्बर असलेला खांब; इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शनमध्ये त्याचा कडकपणा विजेने बदलतो. सल्ला पटतो, कारण तो अर्धा खरा आहे. एकाच मॉडेलमध्ये दोन्ही प्रकार येत असतील तर बोल्ट अनेकदा जुळतातही. शिवाय किमतीतला फरक पाहून कुणाचंही मन वळेल.

पण इलेक्ट्रॉनिक स्ट्रटमध्ये बहुधा तेलाची वाट कमी-जास्त करणारा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो आणि कंट्रोल युनिट त्याच्या सर्किटवर लक्ष ठेवून असतं. सर्किट तुटलेलं आढळलं की बिघाडाचा कोड नोंदवला जातो, डॅशबोर्डवर दिवा लागतो. बऱ्याच गाड्यांत उरलेले डॅम्परही (शॉक अब्सॉर्बर) मग एकाच ठरावीक कडकपणावर अडकतात. बदलले पुढचे दोन, बिघडले मागचेही!

साधेच हवे असतील तर काही मॉडेलांसाठी व्हॉल्व्हची नक्कल करणाऱ्या मॉड्यूलसह कन्व्हर्जन किट मिळतं. दिवा लागत नाही. मऊ-कडक चाल निवडायचं कम्फर्ट-स्पोर्टचं बटण मात्र शोभेपुरतं उरतं.

आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे तपासायला टॉर्चच्या उजेडात स्ट्रट नीट पाहा. वायर स्ट्रटच्या अंगात किंवा वरच्या दांड्याच्या टोकात शिरते का? (चाकाच्या मध्याकडे, म्हणजे हबकडे जाणारी वायर एबीएस ब्रेकची, तिच्यावरून फसू नका.) कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, सुट्या भागांच्या बाजारात जाण्याआधी चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या, नुसतं मॉडेल आणि वर्ष पुरत नाही. बसवल्यावर स्कॅनरने कोड पुसून गाडी फिरवा, मग पुन्हा स्कॅन करा.