दुर्बीण ठीक, पण आत करणार काय?

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर मी पाहिलंय ते क्रिकेट. गोल्फ खेळताना अजून कुणी दिसलेलं नाही. पण खांद्याचा सांधा समजावताना डॉक्टरमंडळी गोल्फचंच उदाहरण देतात: छोट्याशा खुंटीवर टेकवलेला चेंडू. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा, त्याची खोबण मात्र बशीसारखी उथळ. म्हणून हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत सर्वांत जास्त निखळतो तो खांदाच.

दिंडोरीकडच्या एका ओळखीच्या पोराचा खांदा विशीच्या आतच कबड्डीत निखळला. इतक्या कोवळ्या वयात एकदा निखळला की पुन्हा निखळायची भीती फार. तिसऱ्या वेळी तो डिसेंबरात द्राक्षाच्या मांडवाखाली विरळणी करत होता. जोर लावला नव्हता, की पडला नव्हता. हात डोक्यावर गेला, जरा मागे वळला, एवढंच. चेंडू फेकायच्या पवित्र्यातला हा कोन सगळ्यात दगाबाज.

‘ऑपरेशन दुर्बिणीतून करून टाकू’ असं घरात ठरलं. पण दुर्बीण ही नुसती आत शिरायची वाट.

खोबणीच्या काठाला चिवट कड असते, लॅब्रम. गोळा पुढे निसटताना ती उखडते. इंग्लंडच्या बँकार्ट यांनी १९२३ मध्ये या जखमेकडे लक्ष वेधलं, म्हणून ती शिवायच्या शस्त्रक्रियेला त्यांचंच नाव. काठावर बारीक भोकं पाडून त्यात दोरे ओवलेले अँकर, म्हणजे छोट्या खुंट्या, बसवायचे आणि कड जागेवर आवळायची. दुर्बिणीतून हे उत्तम जमतं. अट एकच, हाड शाबूत हवं.

गोची तिथेच आहे. दर वेळी निखळताना काठाचं हाड थोडं झिजतं, आणि काठावर आपटून गोळ्याला मागून खोच पडते. ही खोच हिल आणि सॅक्स या क्ष-किरणतज्ज्ञांनी १९४० मध्ये वर्णन केली. हात वळला की ती काठात अडकते आणि गोळा बाहेर उचकटला जातो. खोच मोठी असेल तर मागचा स्नायुबंध तिच्यातच शिवून ती बुजवतात. याला म्हणतात रेम्प्लिसाज, फ्रेंचमध्ये ‘भरणे’. हेही दुर्बिणीतूनच होतं, पण हात बाहेरच्या बाजूला वळणं थोडं कमी होतं. गोलंदाजाने हे आधीच विचारून घ्यावं.

काठच झिजला असेल तर टाके कशाला धरतील? तिथे लाताजे. लिऑंच्या या सर्जननी १९५४ मध्ये सुचवलं की खांद्यापुढचं चोचीसारखं हाड त्याच्या स्नायूंसकट कापून काठावर स्क्रूने बसवायचं. काठ रुंदावतो, शिवाय हात उचलला की ते स्नायू पट्ट्यासारखे गोळ्याला आवरून धरतात. पूर्वी साधारण २० ते २५ टक्के हाड झिजलं की लाताजे, असा हिशेब होता. आता त्याहून कमी झिजेलाही काही सर्जन सावध होतात. हे हाड दुर्बिणीतूनही बसवता येतं, पण महत्त्वाच्या नसा अगदी खेटून असतात आणि सर्जनचा हात बसायला वेळ लागतो. त्यामुळे अनेक अनुभवी सर्जन सरळ चीर देतात. माझ्या मते त्यात कमीपणा काही नाही.

या पोराच्या त्रिमितीय सीटी स्कॅनमध्ये काठाचा जवळपास पाचवा हिस्सा गेलेला दिसला. जानेवारीत लाताजे झालं, चीर देऊन. कबड्डी सहा महिन्यांनंतर, असं डॉक्टर म्हणाले. वडिलांना मात्र एवढंच विचारायचं होतं, ‘एप्रिलच्या द्राक्षाच्या खरड छाटणीला हात वर जाईल ना?’