कानाच्या लग्नातली ‘बाई’

काना गावातल्या लग्नात येशू पाण्याचा द्राक्षारस करतो, ही योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती परत सांगत नाही. पण प्रवचनात आज्ञापालन म्हटलं की डायरेक्ट मरीया नोकरांना सांगते त्या ‘तो सांगेल ते करा’ या वाक्यावर येतात आणि त्याच्या आधीचं राहून जातं. द्राक्षारस संपलाय असं आई मरीया येशूला सांगते आणि मुलगा म्हणतो, ‘बाई, माझी वेळ अजून आली नाही.’

आता हे ‘बाई’. मुंबईत आज बाई म्हणजे भांडी घासायला येणारी नाहीतर शाळेतल्या बाई, आईला कोण बाई म्हणतं? म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं, झिडकारलं. पण मराठी नवा करार मुंबईत १८२६ ला छापला तेव्हा बाई नावाला मानानं लागायचं, सावित्रीबाई, रमाबाई. मूळ ग्रीक शब्द गुनाय, योहानाच्या शुभवर्तमानात शोमरोनी स्त्रीला तोच, मग्दालिया मरीयेला तोच आणि क्रूसावरून आईला परत तोच, म्हणजे अपमान नाहीच. तरी आईला अशी हाक मारणं तिकडेही रोजचं नव्हतं, म्हणून सरळ ‘आई’ छापा म्हणणारे आहेत त्यांचं मला पटत नाही. त्या शब्दात थोडं अंतर आहे, आणि ते पुसलं तर तिचा भरवसा दिसणार कसा? ती परत मागत नाही, वाद घालत नाही, नोकरांकडे वळते. तिचं वाक्य तरी जुनंच, बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात दुष्काळात मिसरचा राजा फारो योसेफाबद्दल जवळपास हेच बोलतो.

रोझरीत, म्हणजे मरीयेच्या जपमाळेत, काना आलं ते अगदी अलीकडे, २००२ ला, तेव्हाच्या पोपनी प्रकाशाची पाच रहस्यं, म्हणजे जपताना मनात आणायचे येशूच्या आयुष्यातले प्रसंग, जोडली त्यातलं दुसरं, गुरुवारी म्हणतात. बायबलात १५० स्तोत्रं तशा जपमाळेत १५० हेल मेरी प्रार्थना हा हिशोब मोडला म्हणून नाराजी झाली, पण आधी मंदिरात सापडलेल्या बारा वर्षांच्या येशूवरून एकदम क्रूसाच्या आदल्या रात्रीच्या गेथशेमनेच्या बागेत जायचो, मधलं सगळं आयुष्यच नव्हतं, त्यामुळे झालं ते बरं झालं.

आणि नोकर. दोन-तीन मणांचे सहा दगडी रांजण, मिळून पाचशे ते सातशे लिटर पाणी, तेही काठोकाठ. आपल्याकडे मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या लग्नात उंबराचं पाणी आणायला वाजतगाजत विहिरीवर जातात, तिथे एक कळशी भरली तरी हाताला कळतं. संपलाय द्राक्षारस आणि भरायला सांगितलंय पाणी, कशाला ते कोणी सांगत नाही, तरी ते भरतात. भोजनकारभाऱ्याला तो द्राक्षारस कुठून आला ते समजत नाही, पाणी काढणाऱ्या नोकरांना ठाऊक असतं.