कॅल्शियमबंधक प्रथिने

पेशीतील कॅल्शियम आयन धरून ठेवणारी आणि गरजेप्रमाणे सोडणारी प्रथिने. स्नायूंचे आकुंचन, चेतापेशींमधील संदेशवहन, संप्रेरकांचा स्राव, पेशीविभाजन, फलन अशा अनेक क्रियांची सुरुवात पेशीतल्या कॅल्शियमच्या पातळीत अचानक झालेल्या वाढीने होते. ही वाढ ओळखणे, तिचा निरोप पुढे पोहोचवणे, जादा कॅल्शियम आवरणे आणि त्याचा साठा करणे ही कामे या प्रथिनांकडे असतात.

शरीरातले सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. पेशींच्या वाट्याला येणारे प्रमाण अगदी थोडे, आणि तेही पेशी आत ठेवून घ्यायला तयार नसते. पेशीबाहेरच्या द्रवात मुक्त कॅल्शियमची संहती १ ते २ मिलिमोलर असते, तर विश्रांत अवस्थेतील पेशीद्रवात ती जेमतेम १०० नॅनोमोलर, म्हणजे दहा ते वीस हजार पटींनी कमी. पेशीची ऊर्जा आणि आनुवंशिक द्रव्य दोन्ही फॉस्फेटवर उभी आहेत. कॅल्शियम जास्त झाले तर फॉस्फेटशी संयोग पावून त्याचा अविद्राव्य साका बसेल. म्हणून पेशीपटलावरचे आणि आंतर्द्रव्यजालिकेवरचे (पेशीतील कॅल्शियमच्या साठ्यावरचे) पंप कॅल्शियम सतत बाहेर किंवा साठ्यात ढकलत राहतात. या तफावतीमुळेच काही वाहिन्या क्षणभर उघडल्या तरी आतली पातळी कित्येक पटींनी वाढते आणि तो बदल पेशीला लगेच कळतो.

कॅल्शियमचे हे महत्त्व पहिल्यांदा लक्षात आले ते नळाच्या पाण्यामुळे. लंडनमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ सिडनी रिंगर बेडकाचे हृदय शरीराबाहेर मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवत असत. ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, तर नळाच्या पाण्यात केले जात होते. शुद्ध पाणी वापरताच हृदयाची धडधड क्षीण होऊन थांबू लागली. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम हे त्याचे कारण असल्याचे रिंगर यांनी १८८३ मध्ये मांडले. मात्र त्या कॅल्शियमला पेशीत पकडते कोण, हे कळायला पुढे आणखी बरीच दशके जावी लागली.

ईएफ-हँड रचना

१९७३ मध्ये रॉबर्ट क्रेट्सिंगर यांच्या गटाने कार्प माशाच्या स्नायूतील पार्व्हाल्ब्युमिन या प्रथिनाची त्रिमितीय रचना उलगडली. त्यातील सर्पिलांना, म्हणजे साखळीच्या पिळदार भागांना, ए ते एफ अशी अक्षरे दिली होती. ई आणि एफ ही सर्पिले उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा ताणून धरावा तशी दिसतात आणि त्यांच्यामधल्या वळणात कॅल्शियम बसते. तेव्हापासून या घडणीला ईएफ-हँड म्हणतात. कॅल्शियम ओळखणाऱ्या प्रथिनांत ही घडण सर्वाधिक आढळते आणि बहुधा जोडीने येते.

कॅल्शियम धरणारे वळण बारा अमिनो आम्लांचे असते. त्यातील पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि बाराव्या जागेवरून ऑक्सिजन अणू आयनाकडे वळलेले असतात. पहिल्या जागी जवळजवळ नेहमी ॲस्पार्टिक आम्ल असते. सहाव्या जागी ग्लायसिन असते, कारण तिथे साखळीला तीव्र वळण घ्यावे लागते आणि मोठ्या पार्श्वशाखेला वाव नसतो. सातव्या जागेचा ऑक्सिजन साखळीच्या कण्यातूनच येतो, तर नववी जागा बहुधा पाण्याच्या एका रेणूमार्फत हातभार लावते. बाराव्या जागेवरचे ग्लुटामिक आम्ल मात्र एकटेच दोन ऑक्सिजन देते. अशा एकूण सात ऑक्सिजननी आयन वेढला जातो. प्रयोगशाळेत ही बारावी जागा बदलून तिथे ग्लुटामिन बसवले की पकड एकदम ढिली पडते.

पेशीत मॅग्नेशियम कॅल्शियमपेक्षा हजारो पटींनी जास्त असते, तरी या वळणात कॅल्शियम सरस ठरते. मॅग्नेशियमचा आयन लहान असून त्याला नेमके सहा शेजारी हवे असतात. शिवाय तो भोवतीचे पाणी सहजी सोडत नाही. कॅल्शियमला सात-आठ शेजारी चालतात आणि त्यांची मांडणी थोडी वाकडीतिकडी झाली तरी बिघडत नाही.

कॅल्मोड्युलिन

१९७० मध्ये वाय यिउ चेउंग आणि शिरो काकिउची यांनी मेंदूतील एका विकराला चेतवणारा घटक म्हणून हे प्रथिन एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधले. ते १४८ अमिनो आम्लांचे असून त्याच्या दोन टोकांच्या गोळ्यांत प्रत्येकी दोन ईएफ-हँड असतात. १९८५ मध्ये मिळालेल्या स्फटिकरचनेत ते डंबेलसारखे दिसले. द्रावणात अभ्यासल्यावर मात्र मधला दांडा लवचीक असल्याचे आढळले.

कॅल्शियम बसले की प्रत्येक गोळा उघडतो आणि आत दडलेला, पाण्यापासून दूर राहणारा भाग वर येतो. या भागात मेथिओनिन या अमिनो आम्लाची रेलचेल असते. मेथिओनिनची शाखा लवचीक असल्यामुळे वेगवेगळ्या आकाराच्या भागीदारांशी कॅल्मोड्युलिन जुळवून घेते आणि म्हणूनच शेकडो प्रथिनांना चिकटू शकते. पुष्कळदा दोन्ही गोळे भागीदाराच्या सर्पिलाला दोन्ही बाजूंनी कवटाळतात. भागीदार हाती लागला की कॅल्मोड्युलिनची कॅल्शियमवरची पकडही घट्ट होते. त्यामुळे कॅल्मोड्युलिनची कॅल्शियमओढ किती, या प्रश्नाला एकच आकडा देणे फसवे आहे.

मानवात तीन वेगवेगळी जनुके अगदी एकसारखे कॅल्मोड्युलिन तयार करतात. म्हणजे प्रत्येक पेशीत त्याच्या जनुकांच्या सहा प्रती. तरीही सहांपैकी एकाच प्रतीत उत्परिवर्तन झाले तर हृदयाची लय जीवघेणी बिघडू शकते. २०१२ मध्ये प्रथम हा संबंध दाखवला गेला. पृष्ठवंशी प्राण्यांत या प्रथिनाचा अमिनो आम्लक्रम जराही का बदललेला नाही, हे यावरून समजते.

इतर प्रमुख प्रथिने

स्नायूतील ट्रोपोनिनचा शोध सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात लावला. त्यातील ट्रोपोनिन-सी हा घटक कॅल्शियम धरतो; त्यामुळे ट्रोपोमायोसिन हे प्रथिन बाजूला सरकते आणि ॲक्टिन तंतूवरच्या, मायोसिन जिथे चिकटते त्या जागा मोकळ्या होतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तात मोजतात ते ट्रोपोनिन मात्र आय किंवा टी असते. हृदयातला सी घटक मंद कंकालस्नायूतही तोच असल्याने इजा हृदयाला झाली की हातापायाला, हे त्यावरून सांगता येणार नाही.

पार्व्हाल्ब्युमिन कोणाला निरोप देत नाही, ते कॅल्शियम शोषून घेते. विश्रांतीत त्याच्या जागा मॅग्नेशियमने भरलेल्या असतात आणि त्या रिकाम्या व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात ट्रोपोनिनचे काम होऊन जाते. मग उरलेले कॅल्शियम पार्व्हाल्ब्युमिन उचलते आणि स्नायू चटकन सैलावतो. माशांच्या वेगवान स्नायूंत ते भरपूर असते. माशांच्या ॲलर्जीमागचे मुख्य प्रथिनही हेच आहे. ते उष्णतेला दाद देत नसल्याने बांगड्याचे कालवण कितीही उकळले तरी ॲलर्जी असणाऱ्याचा धोका टळत नाही. कोळंबीची ॲलर्जी वेगळी. तिथे दोषी बहुतेकदा ट्रोपोमायोसिन असते.

आतड्यातील कॅल्बिंडिन ड जीवनसत्त्वाच्या प्रभावाखाली तयार होते आणि अन्नातले कॅल्शियम पेशीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेण्यास मदत करते. एस-१०० या कॅल्शियमबंधक प्रथिनांच्या गटातील दोन प्रथिने मिळून झालेले कॅल्प्रोटेक्टिन पांढऱ्या पेशींत विपुल असते. आतड्याचा दाह आणि दाह नसलेला आतड्याचा क्षोभ (आयबीएस) यांत फरक करण्यासाठी ते विष्ठेत मोजतात.

कॅल्शियम धरायला ईएफ-हँडच हवा असे नाही. स्नायूच्या साठ्यातील कॅल्सिक्वेस्ट्रिन आम्लधर्मी भागांच्या जोरावर एका रेणूमागे ४०-५० आयन धरते. ही पकड मुद्दाम ढिली असते, कारण साठ्यातला माल मागताक्षणी सुटायला हवा. चेतापेशीतील सिनॅप्टोटॅग्मिनच्या सी-२ भागात कॅल्शियम आणि पटलातील मेद एकत्र गुंततात आणि चेतापारेषकांच्या पिशव्या पटलाशी एकजीव होतात. या उलगड्याबद्दल टॉमस स्यूडहॉफ यांना २०१३ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पाठ्यपुस्तकांत या प्रथिनांची ‘संवेदक’ आणि ‘शोषक’ अशी वाटणी असते. शिकवायला ती सोयीची आहे, पण कॅल्बिंडिनसारखी प्रथिने दोन्हीकडे बसतात. प्रथिन किती घट्ट आणि किती वेगाने कॅल्शियम धरते, यावरून त्याचे काम अधिक नेमके कळते.

औषधे आणि साधने

कॅल्सिन्युरिन हे विकर कॅल्मोड्युलिनच्या इशाऱ्यावर टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींना चेतवते. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर दिली जाणारी सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही औषधे तेच अडवतात.

१९६२ मध्ये ओसामु शिमोमुरा यांनी एका जेलीफिशपासून एक्वोरिन वेगळे केले. टाकाऊ अर्क त्यांनी सिंकमध्ये ओतला, तेव्हा तिथल्या समुद्रपाण्याशी मिसळून तो लख्ख उजळला. पाण्यातले कॅल्शियम त्याला कारण होते. पुढे त्याच जेलीफिशचे हिरवे चमकणारे प्रथिन, कॅल्मोड्युलिन आणि त्याच्या एका भागीदाराचा तुकडा जोडून जीकॅम्प हे संवेदक तयार झाले. आता जिवंत उंदराच्या मेंदूत कोणती चेतापेशी कधी सक्रिय होते, ते त्याच्या साहाय्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. जीकॅम्प स्वतःही कॅल्शियम धरते. पेशीत त्याचे प्रमाण फार झाले, तर जी लाट मोजायची तीच त्यामुळे दबते.