वाकडं हाड सरळ करणाऱ्या कड्यांची पार्श्वभूमी

पायाभोवती धातूची कडी, त्यांतून हाडात आरपार गेलेल्या बारीक तारा आणि कड्या जोडणारे आटे पाडलेले दांडे. अस्थिरोग विभागात असा 'रिंग लावलेला' रुग्ण दिसला की बघणाऱ्याच्याच अंगावर काटा येतो. ही रचना सोव्हिएत डॉक्टर गावरील इलिझारोव यांची.

हाड बाहेरून पकडून ठेवण्याची कल्पना त्यांच्या आधीची. बेल्जियममध्ये लांबोत यांनी 1902 च्या सुमारास तसं साधन वापरलं होतं. इटलीत कोदिविल्ला यांनी 1905 मध्ये आखूड पाय लांब करण्याचे प्रयोग मांडले, पण हाड कापून जोरानं ओढायचं, हा मार्ग नसा आणि रक्तवाहिन्यांना झेपणारा नव्हता.

इलिझारोव 1944 मध्ये डॉक्टर झाले आणि सायबेरियाच्या कुर्गान भागातल्या एका खेड्यात रुजू झाले. युद्धात हातपाय मोडलेली, हाडं न जुळलेली माणसं समोर होती. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आपलं उपकरण तयार केलं. जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची तार, पण सायकलच्या स्पोकसारखी ताणली की वजन पेलते. म्हणून रुग्ण कडी लावूनच चालू शकतो.

पण कड्यांपेक्षा मोठा शोध वेगाचा होता, असं मला वाटतं. एका रुग्णानं नट उलटे फिरवले, हाडाची टोकं दाबली जाण्याऐवजी दूर गेली आणि फटीत नवं हाड दिसलं, असा किस्सा सांगतात. खरा असो-नसो, पुढे वर्षानुवर्षांच्या प्रयोगांतून हिशेब पक्का झाला: हाड बेतानं कापायचं, काही दिवस थांबायचं, मग फट दिवसाला 1 मिलिमीटर वाढवायची, तेही पाव-पाव मिलिमीटर चार वेळा. घाई केली तर हाड धरत नाही, रेंगाळलं तर आधीच जुळून बसतं. एका बाजूला जास्त ताण दिला की वाकडेपणाही निघतो. तारेच्या तोंडाशी पू होणं मात्र आजही चुकत नाही.

मॉस्कोतल्या बड्या डॉक्टरांनी बरीच वर्षं फारशी दाद दिली नाही. 1964 चा ऑलिंपिक विजेता उंचउडीपटू वालेरी ब्रुमेल याचा पाय मोटारसायकल अपघातात चिरडला होता. अनेक शस्त्रक्रिया फसल्यावर तो कुर्गानला गेला आणि नंतर पुन्हा दोन मीटरवर उडी मारली. पश्चिमेला दार उघडलं ते इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी याच्या बऱ्या झालेल्या पायामुळे. 1981 मध्ये इलिझारोव इटलीत व्याख्यानाला गेले आणि तिथून पद्धत जगभर पसरली.

मुंबईत डॉ. बी. बी. जोशी यांनी याच ओढण्याच्या तत्त्वावर हलकी, स्वस्त 'जेस' (जोशीज एक्स्टर्नल स्टॅबिलायझेशन सिस्टिम) रचना केली. हाताच्या दुखापतींसाठी आणि लहान मुलांच्या वाकड्या पावलांसाठी ती वापरली जाते.