जुन्या ट्रकचे इंजिन बदलताना: आरटीओची मंजुरी, कागदपत्रे आणि धूरनियंत्रणाचे भाग

कोल्हापुरात इंजिनाला हात घालणाऱ्या माणसांची वानवा नाही. शिवाजी उद्यमनगरात ब्लॉक बोअर करून मिळतो, क्रँक ग्राइंड होतो, आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीशी ओळख असेल तर न मिळणारा कंसही ओतून मिळतो. त्यामुळे एखाद्या जुन्या टाटा ४०७ चे किंवा त्याहून जुन्या नाकाड ट्रकचे इंजिन उतरवून दुसरे चढवणे हे काम मिस्त्रींच्या दृष्टीने दोन-चार दिवसांचे असते. अडचण त्यानंतर येते. नोंदणी पुस्तकात एक इंजिन क्रमांक आणि बॉनेटखाली दुसरा, अशा स्थितीत गाडी पासिंगला गेली की ती तिथेच थांबते, आणि मग मालकाला कळते की मंजुरी आधी घ्यायला हवी होती.

या संदर्भात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न असा असतो, की नव्याने बसवलेल्या इंजिनावरील ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा जळका वायू पुन्हा इंजिनात सोडणारी झडप), त्याचा कूलर, सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील घातक वायू कमी करणारा भाग), सेन्सर आणि त्यांची वायरिंग ही जुन्या ट्रकला ‘नको असलेली’ सामग्री काढून टाकली तर चालते का. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मुळात कोणते इंजिन बसवता येते हे पाहिले पाहिजे, कारण बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजीच्या निकालात हीच भूमिका स्पष्ट केली आहे. इंजिनाच्या बाबतीत कायद्याची भाषा ‘त्याच मेकचे आणि त्याच टाइपचे इंजिन’ अशी आहे. ज्याच्या मालकीची किमान दहा परिवहन वाहने आहेत अशा मालकाला, राज्य शासनाने तसे प्राधिकृत केलेले असल्यास, असे इंजिन पूर्वमंजुरीशिवायही बदलता येते. मात्र बदल केल्यापासून चौदा दिवसांच्या आत तो नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून प्रमाणपत्र नोंदीसाठी सादर करावे लागते. एक-दोन गाड्या असलेल्या मालकाने ही सवलत आपल्यालाही आहे असे समजू नये. त्याने आधी लेखी मंजुरी घ्यावी. इंधनच बदलायचे असेल, म्हणजे सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर जायचे असेल, तर तो मार्ग वेगळा आहे आणि त्याला मान्यताप्राप्त कन्व्हर्जन किट लागते.

आता धूरनियंत्रणाच्या भागांकडे वळू. आपल्याकडे डिझेल वाहनांसाठी उत्सर्जनाची पहिली मानके १९९२ मध्ये आली. भारत स्टेज ४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज ६ हे १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. १९८६ साली बाजारात आलेल्या ४०७ च्या सुरुवातीच्या गाड्यांत यांत्रिक डिझेल पंप, साधे नोझल आणि साधा सायलेन्सर एवढाच मामला होता. अशा गाडीसाठी त्याच कंपनीचे, त्याच टाइपचे, यांत्रिक पंपाचे इंजिन निवडले तर काढून टाकावे असे त्यावर फारसे काही नसतेच. याउलट, भंगारातून आणलेल्या इंजिनावर ईजीआर कूलर, कॉमन रेल (सर्व नोझलना उच्च दाबाने डिझेल पुरवणारी सामाईक नळी) आणि इंजिन चालवणाऱ्या संगणकाची पेटी दिसत असेल, तर ते इंजिन दुसऱ्या टाइपचे आहे याचीच ती खूण आहे. कंपनीचे नाव तेच असले तरी अशा इंजिनाला मंजुरी मिळणे अवघड असते. म्हणून ‘काय काय काढायचे’ हा प्रश्न पडू लागला की मी आधी इंजिनाची निवड पुन्हा तपासायला सांगतो.

काही मिस्त्री ईजीआरच्या तोंडावर पत्र्याची चकती बसवून मार्ग बंद करतात आणि पीयूसी निघाली की काम झाले असे सांगतात. हा युक्तिवाद ऐकायला बरा असला तरी पोकळ आहे. डिझेल गाडीची पीयूसी तपासणी करताना गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला जातो आणि नळकांड्यात घातलेल्या प्रोबने केवळ धुराची दाटी मोजली जाते. भारत स्टेज ४ पूर्वीच्या गाड्यांसाठी ही मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक (धुराची दाटी मोजण्याचे एकक) आहे. ईजीआरचे काम मात्र वेगळे असते: थोडा जळका वायू पुन्हा सिलिंडरमध्ये सोडून ज्वलनाचे तापमान खाली आणायचे आणि त्यायोगे नायट्रोजन ऑक्साइड कमी करायचे. तो वायू या तपासणीत मोजलाच जात नाही. किंबहुना ईजीआर बंद केल्यावर काळा धूर थोडा कमीही दिसू शकतो. तेव्हा पीयूसीचा कागद हा भाग काढायला परवानगी असल्याचा पुरावा ठरत नाही.

शिवाय त्यात दंडाचा भाग आहे. अधिनियमाच्या कलम १८२अ(४) अन्वये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘प्रत्येक बदलासाठी’ हे शब्द नीट वाचावेत. वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९०(२) वेगळे लागू होते. त्यात पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्ससाठी अपात्रता अशी तरतूद आहे.

उतरवलेल्या इंजिनाचे म्हणून जे उरते, म्हणजे जुन्या एक्झॉस्टचे कंस, बंद पडलेल्या नळ्या, वापरात नसलेले क्लिप, ते काढायला हरकत नाही. परंतु जे भाग बसवायच्या इंजिनाबरोबर उत्पादकाने दिलेले आहेत, ते त्या इंजिनाचाच भाग समजावेत. क्रँककेसमधील वाफ पुन्हा इनटेककडे नेणारी साधी रबरी नळीदेखील यात आली. ती काढून तोंड उघडे ठेवले की तेलाचा धूर केबिनमध्ये येतो, आणि गाडी तपासणाऱ्या निरीक्षकाच्या नजरेस ते सर्वांत आधी पडते.

अर्ज परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर, वाहनातील बदलाच्या सेवेखाली करायचा असतो. गाडीचा क्रमांक आणि चेसिस क्रमांकाचे शेवटचे पाच अंक टाकल्यावर मालकाच्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी येतो. जुन्या गाडीला मोबाइल क्रमांकच जोडलेला नसतो किंवा तो दिवंगत वडिलांचा असतो. अशा वेळी मोबाइलची दुरुस्ती आणि नावावर करण्याचे काम आधी उरकावे. शुल्काची रक्कम पोर्टलवर दिसते, ती तिथेच भरावी. थकीत कर, पंधरा वर्षांपुढील खासगी गाडीचा पर्यावरण कर आणि प्रलंबित ई-चलन हेही आधी मिटवलेले बरे.

कागदपत्रांत मूळ नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमा, पीयूसी, मालकाचा ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि परिवहन वाहन असल्यास योग्यता प्रमाणपत्र व परवाना हे लागतात. गाडीवर कर्जाचा बोजा असल्यास वित्तपुरवठा करणाऱ्या संस्थेची लेखी संमती लागते. खरी कसोटी मात्र इंजिनाच्या पावतीची असते. पावती जीएसटीची, इंजिन क्रमांक स्पष्ट लिहिलेली आणि विक्रेत्याच्या पूर्ण पत्त्याची हवी. इंजिन दुसऱ्या गाडीतून काढलेले असेल, तर त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागितला जातो, आणि मागितला नाही तरी तो स्वतःजवळ असावा. माझ्या परिचयातील एका गाडीमालकाने बाहेरगावच्या भंगार व्यापाऱ्याकडून ‘एक इंजिन, जुने’ एवढेच लिहिलेली पावती घेतली होती. क्रमांकाची पावती मिळवण्यासाठी त्याला तीन खेपा घालाव्या लागल्या. चोरीच्या गाडीचे इंजिन आपल्या गळ्यात पडू नये म्हणून राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर तो क्रमांक तपासून त्याची प्रत अर्जाला जोडावी.

मंजुरी मिळून इंजिन बसल्यावर गाडी ताराबाई पार्क येथील प्रादेशिक परिवहन कार्यालय नेमून देईल त्या ठिकाणी मोटार वाहन निरीक्षकांसमोर न्यावी लागते. आदल्या दिवशी इंजिन ब्लॉकवरचा क्रमांकाचा सपाट भाग तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासून, रॉकेलच्या फडक्याने पुसून कोरडा करावा. त्यावर पातळ कागद धरून मऊ पेन्सिल आडवी फिरवली की एकेक अंक पांढरा उमटतो. हाच पेन्सिल प्रिंट अर्जाला लागतो. ग्राइंडर अजिबात लावू नये, कारण अर्धवट पुसलेला अंक खाडाखोडीसारखा दिसतो आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकते. अंक वाचता येत नसेल तर स्वतः ठोकून घेण्याऐवजी तसे लेखी कळवावे.

नोंद झाल्यावर विमा कंपनीला नवा इंजिन क्रमांक कळवून पॉलिसीत दुरुस्ती करून घ्यावी, आणि पीयूसी नव्याने काढावी. भारत स्टेज ४ पूर्वीच्या गाडीला ती सहा महिन्यांचीच मिळते. अर्ज नामंजूर झाल्यास आदेश लेखी मागावा, कारण कलम ५७ खालील अपिलाची तीस दिवसांची मुदत आदेशाची नोटीस मिळाल्यापासून धरली जाते.

गाडी पन्नास वर्षांपुढील असून ती कधी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायचा विचार असेल, तर मात्र इंजिन बदलण्याआधी दोनदा विचार करावा. जुलै २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार त्या नोंदणीसाठी वाहन मूळ स्वरूपात, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेले असावे लागते.

उतरवलेले इंजिन विकायचे असल्यास त्याचा क्रमांक असलेल्या जुन्या नोंदणी प्रमाणपत्राची छायाप्रत ठेवून, खरेदीदाराची सही आणि तारीख असलेली पावती करूनच ते द्यावे.