हिरडीतला स्क्रू आणि मधातलं पेरॉक्साइड

दातांना तारा लावल्या की काही रुग्णांच्या हिरडीतून हाडात टायटॅनियमचा बारीक स्क्रू बसवतात. जाडी साधारण दीड मिलिमीटर, लांबी ६ ते १० मिलिमीटर. दात ओढायला तो खुंटीसारखा आधार देतो आणि काम झालं की काढून टाकतात. हाडात तो नुसत्या पकडीवर टिकतो. दुखणं सुरू होतं ते त्याच्या मानेपाशी, जिथे तो हिरडीतून बाहेर येतो. स्क्रू असेपर्यंत ती फट मिटत नाही. तिथे प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, साचला की हिरडी सुजते, सूज आत उतरते आणि स्क्रू हलू लागतो.

मग घरातून सल्ला येतो, ‘थोडा मध लाव.’ सल्ल्यामागे खरं विज्ञान आहे, पण ते तोंडात कितपत चालतं हे पाहायला हवं.

मकरंदाचा मध करताना मधमाशी त्यात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) मिसळते. पिकलेल्या मधात पाणी २० टक्क्यांच्या आत असतं, त्यामुळे हे विकर जवळजवळ निजलेलं असतं. जखमेतल्या पाझरानं मध पातळ झाला की ते जागं होतं. ग्लुकोज, ऑक्सिजन आणि पाणी यांपासून ग्लुकॉनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. औषधाच्या दुकानातल्या ३ टक्के पेरॉक्साइडच्या मानानं हे प्रमाण फारच कमी, पण ते थेंबाथेंबानं तयार होत राहतं. म्हणून जंतू मरतात आणि नव्या पेशी पोळत नाहीत. मध तापवला की विकर नासतं, आणि हा गुण गेलाच. न्यूझीलंडच्या मानुका मधाची गोष्ट वेगळी. त्यातलं मिथिलग्लायॉक्सल विकराशिवायच काम करतं.

त्वचेच्या जखमेवर पट्टीखाली मध तासन्‌तास राहतो. तोंडात लाळ त्याला मिनिटांत धुऊन नेते, शिवाय लाळेतली पेरॉक्सिडेज विकरं पेरॉक्साइड संपवतात. मागे उरते ती ब्रॅकेटभोवतीची, म्हणजे तार धरणाऱ्या दातावरच्या चौकटीभोवतीची साखर. मधात ती सुमारे ८० टक्के असते, आणि मधाचा सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४ च्या आसपास. दाताचं एनॅमल तर साडेपाचच्या खाली विरघळू लागतं. म्हणून स्वयंपाकघरातला मध स्क्रूला लावू नये.

मधमाश्यांच्या पोळ्यातलंच प्रोपोलिस मात्र साखर नसलेली राळ आहे. पॉप्लर झाडाच्या कळ्यांवरून माश्या ती गोळा करतात. तिच्यातलं कॅफेइक आम्लाचं फेनेथिल एस्टर पेशीतल्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला अडवतं. सुजेची जनुकं चालू करणारी कळ हीच. पण ब्राझीलच्या हिरव्या प्रोपोलिसचं मुख्य द्रव्य वेगळंच, आर्टेपिलिन-सी. नुसतं ‘प्रोपोलिस’ छापलेल्या बाटलीवरून आत काय आहे ते कळत नाही. आपली सातेरी, म्हणजे देशी पाळीव मधमाशी तर प्रोपोलिस गोळाच करत नाही, त्यामुळे महाबळेश्वरच्या सातेरीच्या पेटीतलं ‘अस्सल प्रोपोलिस’ म्हणून कुणी काही विकत असेल तर घेऊ नका. ‘नैसर्गिक, केमिकल नाही’ या लेबललाही अर्थ नाही, वर आलेलं प्रत्येक नाव रसायनाचंच आहे.

प्रोपोलिस वापरायचंच तर दंतवैद्याला विचारून, अल्कोहोलविरहित चूळ घ्यावी. अल्कोहोलातला अर्क ताज्या जखमेला झोंबतो. मधमाशीच्या पदार्थांची ॲलर्जी असेल तर तेही नको. प्रोपोलिसनं ओठ-हिरडीला खाज, पुरळ येण्याची उदाहरणं बरीच आहेत.

खरी मदार ब्रशवर. एकाच गुच्छाचा मऊ ब्रश दिवसातून दोनदा स्क्रूच्या डोक्याभोवती आणि मानेशी फिरवावा. सुरुवातीला डॉक्टर सहसा ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या चुळा देतात. टूथपेस्टनंतर अर्धा तास थांबून त्या भराव्या, नाहीतर पेस्टमधला फेसाचा घटक क्लोरहेक्सिडिनचा प्रभाव मारतो. सांगितल्यापेक्षा जास्त दिवस वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात. स्क्रू जिभेनं हलतोय असं वाटलं, तर कसलाही लेप न लावता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.