२५ सेंटीमीटर म्हणजे नक्की किती?

चांद्रयान २ च्या कॅमेऱ्याला चंद्रावरची २५ सेंटीमीटरची वस्तू दिसते, हे वाक्य २०१९ पासून इतक्यांदा फॉरवर्ड झालंय की परवा पर्वतीच्या पायऱ्या उतरताना एका काकांनी मलाच ते समजावून सांगितलं. आकडा खरा आहे, १०० किलोमीटर उंचीवरून. पण ते एका पिक्सेलचं, म्हणजे फोटोतल्या सगळ्यात लहान ठिपक्याचं माप. तेवढा दगड असला तर फोटोत फार तर एक ठिपका, तोही शेजारच्या ठिपक्यांत मिसळलेला. दगडाला दगड म्हणायला निदान तीन-चार पिक्सेल लागतात, म्हणजे पाऊण-एक मीटर. पिक्सेलचं माप आणि वस्तू ओळखता येण्याचं माप, 'रिझोल्यूशन' या एकाच शब्दात आपण दोन्ही कोंबतो, घोळ तिथेच होतो.

घोळ जुनाच आहे म्हणा. जुलै १९७६, अमेरिकेचं व्हायकिंग १ यान, पिक्सेलला साधारण ५० मीटर, ऊन तिरकं, आणि मंगळावरची एक टेकडी दिसली माणसाच्या चेहऱ्यासारखी. लोक नाकपुडी म्हणून जो काळा ठिपका दाखवायचे तो तर पृथ्वीवर येताना हरवलेला डेटा होता! १९९८ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयरने दहापट बारीक फोटो काढला, निघाली टेकडीच. गंमत म्हणजे त्याच्या आधीच्या यानावर, मार्स ऑब्झर्व्हरवर, कॅमेरा हवाच कशाला असंही काहींचं म्हणणं होतं. ते यान १९९३ मध्ये मंगळाजवळ पोचून गप्प झालं, आणि उरलेल्या सुट्या भागांतून सर्व्हेयरचा कॅमेरा उभा राहिला.

व्हायकिंगनंतरचे हे कॅमेरे आपल्या मोबाइलसारखे 'क्लिक' करत नाहीत. अप्पा बळवंत चौकात झेरॉक्स काढताना काचेखाली उजेडाची पट्टी सरकते ना, तसं. सेन्सरची एक ओळ, आणि यान पुढे जाईल तशी ओळीला ओळ जोडत फोटो तयार. झेरॉक्स चालू असताना कागद हलला की अक्षरं कशी लांबतात, तसंच यान थरथरलं तर खड्डे वेडेवाकडे येतात. २००६ पासून एका अमेरिकन यानावरून मंगळाभोवती फिरणारा हायराइज कॅमेरा असाच चालतो, ३०० किलोमीटरवरून टेबलाएवढी वस्तू ओळखतो, म्हणजे पुण्यात बसून कोल्हापूरच्याही पलीकडचं टेबल.

आणि २०१९ मध्ये चंद्रावर कोसळलेल्या विक्रमचा, म्हणजे चांद्रयान २ च्या लँडरचा, पहिला तुकडा? चेन्नईच्या एका इंजिनियरने तो अमेरिकन यानाच्या फोटोत शोधला, जुना-नवा फोटो शेजारी ठेवून. तो होता फक्त एकच उजळ पिक्सेल. काकांना हे सांगायचं राहूनच गेलं.